तेल कमी, चव तीच

आमच्याकडे चिपळूणच्या बाजूला सालनावर तेलाची तर्री आली नाही, की बाईचा हात आखडता म्हणतात. वीस-बावीस वर्षं माझाही हात मोकळाच होता. तेल कमी करूनही चव राखता येते, हे गेल्या वर्षभरात चुलीपाशीच कळलं, म्हणून लिहिते आहे.

निमित्त झालं तपासणीचं. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, 6.2 आली. 5.7च्या खाली ठीक, 6.5पासून पुढे मधुमेह. मी अधेमधे. "इथून मागे फिरता येतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझ्या अम्मीचं पायाचं बोट मधुमेहापायी कापावं लागलं होतं. तिची जखम मी दोन महिने रोज धुतली आहे. मला जास्त समजवावं लागलं नाही.

आधी तेलाचा हिशेब मांडला. घरात पाच माणसं, महिन्याला पाच लिटर तेल. म्हणजे माणशी रोज सहा-सात चहाचे चमचे. आता तीन लिटर पुरतं. मटण आदल्या रात्री शिजवून यखनी फ्रिजमध्ये ठेवते. सकाळी वर चरबीचा पांढरा थर गोठलेला असतो, तो चमच्याने काढून टाकते. बिर्याणीचा कांदा तळत नाही. पातळ चिरून, दोन चमचे तेल चोळून, जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर परतते. वेळ जास्त लागतो, पण रंग येतो. भात एक डाव कमी झाला आणि त्याच्या जागी नाचणीची भाकरी आली. बांगडा तळण्याऐवजी आमसूल घालून शिजवते. सुकी मासळी, पापड आणि लोणचं एकाच जेवणात वाढत नाही. दिवसाचं एकूण मीठ 5 ग्रॅमच्या, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याच्या आत असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

घरात सगळ्यांनी लगेच मान डोलावली असं नाही. सासूबाईंनी ताट सरकवलं. "दुल्हन, घरात कोण आजारी आहे?" मी वाद घातला नाही. "अम्मा, आजारी पडू नये म्हणूनच," एवढंच म्हटलं आणि त्यांच्या भाकरीवर चमचाभर तूप घातलं. महिन्याभराने तूपही त्यांनीच नको म्हटलं. छातीतली जळजळ थांबली होती.

खाण्यापेक्षा चालणं अवघड गेलं. फजरनंतर एकटीने रस्त्यावर निघायला संकोच वाटे. गल्लीतल्या दोघींना विचारलं, तर त्या वाटच बघत होत्या. बुरख्याखाली बूट घालून आम्ही तिघी निघतो. मशिदीतून परतणारे पहिला आठवडा वळून बघत, आता सलाम करून पुढे जातात. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. डॉक्टर सांगतात ती 150 मिनिटं पुरी होतात. आपल्या कोकणातल्या पावसात बाहेर जमत नाही, तेव्हा पडवीत फेऱ्या मारते. रात्री जेवल्यावर दहा मिनिटं चालल्यानेही साखर फार चढत नाही.

खरी परीक्षा रमजानची. इफ्तारला तीन खजूर, पाणी, फळं आणि उकडलेले चणे ठेवले. भजी फक्त जुम्म्याला. मुलं दोन दिवस कुरकुरली. थोडी भूक राखून उठावं, ही शिकवण आपल्याला नवी नाही. दस्तरखानावर ती विसरायला होते, एवढंच. मात्र ज्यांची साखरेची औषधं चालू आहेत, त्यांनी रोजे सुरू होण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारावं.

आठ महिन्यांनी आकडा 5.8 आला. अजून काठावरच आहे, पण उतरणीला लागला, अल्हम्दुलिल्लाह. ईदला पाहुणे आले, बिर्याणी जेवले आणि कोणी तेलाचं नावही काढलं नाही.

बहिणींनो, एकदम सगळं बदलू नका. तेलाची पिशवी फोडाल, त्या दिवशीची तारीख तिच्यावर लिहा. संपेल त्या दिवशीचीही लिहा. पुढचं तो हिशेबच सांगेल.