हळद-कुंकवाचा करडा रंग

रविवार. संध्याकाळी आकुर्डीत पोतराज भेटला. कमरेला चिंध्यांचा घागरा, हातात आसूड. सोबतची बाई ढोलकं घासून गुरगुरवत होती. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर त्याचं कपाळ टिपणं अवघड. हळद आणि कुंकू, दोन्ही करड्यातच जातात. भिंगावर हिरवा फिल्टर लावला की कुंकू गडद होतं, हळद उजळते. पण उजेड घटतो. मग ४०० आयएसओचा रोल १६०० धरून वापरायचा आणि डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायचा. दाणा मोठा येतो. येऊ दे, आसुडाच्या फोटोला गुळगुळीतपणा शोभतही नाही.

वासुदेव पहाटेचा. १/३० सेकंदाला चिपळ्यांचा हात धूसर होतो, मोरपिसांची टोपी तेवढी ठाशीव राहते.

तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामी असते तेव्हा मात्र एवढे टाळ-मृदंग, की ३६ फ्रेम कुठे पुरणार? (शिवाय प्रत्येक चौकटीत कुणाचा तरी मोबाइल.)

पूर्वी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल मिळे. तो कारखाना बंद पडला. आता इलफर्ड इंग्लंडहून, कोडॅक अमेरिकेहून. किंमत ऐकून बोट आपोआप आवरतं.

तुम्हीही पोतराजाचा, वासुदेवाचा फोटो काढणार असाल तर आधी विचारा, दक्षिणा द्या आणि पुढच्या फेरीला एक प्रिंट त्याच्या हातात ठेवा.