काय म्हणाला रे तो?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधले दोन महिने एका एक्सेल शीटमध्ये गेले. होम थिएटरसाठी रिसीव्हर घ्यायचा होता, आणि तोही साधासुधा नाही. चॅनेल, वॅट, एचडीएमआय, किंमत... बायको त्या शीटला 'सवत' म्हणायला लागली :)

शोधता शोधता एक गंमत कळली. खोक्यावर लिहिलेले '१०५ वॅट' बहुतेकदा दोनच चॅनेल चालू ठेवून मोजलेले असतात. सगळे एकदम चालले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतात. शिवाय वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो जेमतेम ३ डेसिबल. म्हणजे १०० आणि १५० वॅटमधला फरक कानाला फारसा कळत नाही, खिशाला मात्र कळतो.

तरी माझं घोडं ११ चॅनेलवरच अडलं होतं. डॉल्बी अ‍ॅटमॉस २०१२ साली थिएटरात आलं, २०१४ मध्ये घरात. मग पाऊस छतावरूनच पडल्यासारखा वाटायला हवा ना!

तर झालं असं, की एका रविवारी बाबा जुना कृष्णधवल मराठी सिनेमा बघत होते आणि मी शेजारी लॅपटॉप घेऊन बसलो होतो. दर दोन मिनिटांनी त्यांचं चालू, "काय म्हणाला रे तो?" मी मान वर न करताच म्हटलं, "बाबा, आवाज वाढवा की."

"आवाज येतोय रे. शब्द येत नाहीत."

मी शीट बंद केली.

त्याच आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. तपासणीचा आलेख उजवीकडे घसरत गेलेला. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी होतं, आणि स, श, फ, थ यांची ओळख पटते ती तिथेच. स्वर पोचतात म्हणून आवाज येतो, व्यंजनं गळतात म्हणून शब्द येत नाही. आणि आम्ही घरातले इतकी वर्षं समजत होतो, बाबांचं लक्षच नसतं.

शेवटी ९ चॅनेलचा रिसीव्हर घेतला. सिनेमातले संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात. जुन्या मोनो सिनेमात डावी-उजवीकडचा आवाज सारखाच असतो, तोही सराउंड मोडमध्ये मधल्याच स्पीकरकडे जातो. म्हणून तो स्पीकर चांगल्यातला घेतला. वाचलेले पैसे बाबांच्या श्रवणयंत्रांकडे वळवले.

रिसीव्हर जोडल्यावर खोलीचा आवाज मोजायला सोबत आलेला माईक कानाच्या उंचीवर ठेवायचा असतो. आमच्या रिसीव्हरमध्ये पहिल्या जागेवरून स्पीकरची अंतरं आणि पातळ्या ठरतात. दोन महिने माझ्या डोक्यात ती जागा म्हणजे सोफ्याचा मधोमध, अर्थात माझी. पंखा बंद केला, सगळ्यांना गप्प बसवलं आणि माईक ठेवला बाबांच्या खुर्चीवर.

परवा पुन्हा तसलाच एक सिनेमा लागला होता. मी रिमोटवर मधल्या स्पीकरची पातळी वरखाली करत होतो, आणि बाबा एकदम खो खो हसले.

"काय म्हणाला हो तो?" मी विचारलं.

"लक्ष कुठे असतं रे तुझं?"

असो. छतावरचे स्पीकर अजून खोक्यातच आहेत.