नांदायला

'नांदणे' हा मराठीतला मोठा गोड शब्द आहे. घरात सुख नांदते, लक्ष्मी नांदते, गावात शांतता नांदते. आणि लग्न झालेली मुलगी सासरी नांदते. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले. पण त्याच्याकडे नीट पाहण्याची वेळ आली ती कोर्टाच्या आवारात, एका कन्नड अर्जाचा मजकूर मांडीवर घेऊन बसले असताना.

माझ्या मावशीचे लग्न 2011 साली झाले. सासर कोल्हापूर जिल्ह्यातले; बेळगावहून सकाळी निघाले तर जेवणवेळेला पोचता येईल इतके जवळ. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ती मधूनच माहेरी येई. कधी डोळ्याखाली काळेनिळे, कधी नुसतीच गप्प. आज्जी तिला न्हाऊ घाली, चार दिवस गोडधोड करी आणि पाचव्या दिवशी म्हणे, "किती दिवस राहशील गे? बाईनं नांदावं." मग कुणीतरी तिला स्टँडवर पोचवी. मी सातवीत असताना हे काम माझ्याकडे आले. तिची बॅग मी गाडीत ठेवली, खिडकीशी जागा धरून दिली आणि खाली उभी राहून हात हलवला. तिने हात वर केला नाही. तिचा खांदा दुखत होता, हे मला फार उशिरा समजले.

2022 च्या पावसाळ्यात ती आली, ती परत न जाण्यासाठी. बरोबर सात वर्षांचा मुलगा आणि त्याचे भिजलेले दप्तर. पाचव्या दिवशी आज्जीने तोंड उघडले, तेव्हा मावशी शांतपणे म्हणाली, "आई, या खेपेला तू जा. चार दिवस तू नांदून बघ." त्यानंतर आमच्या घरात तो शब्द कुणी काढला नाही.

पुढे काय करायचे, हे आम्हां कुणालाच ठाऊक नव्हते. वकिलाला द्यायला पैसे नव्हते. विधी सेवा प्राधिकरणाच्या 1987 च्या कायद्यान्वये स्त्रियांना आणि मुलांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो, हे आम्हांला तेव्हा कळले. पदवीच्या वर्गात बसणाऱ्या मला हे माहीत नसावे, याची मला आजही लाज वाटते.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा. त्याखाली अहवालाचा एक छापील नमुना असतो. संरक्षण अधिकारी बाई एकेक रकाना वाचून दाखवीत होत्या. मारहाणीचे रकाने झाले. मग शिवीगाळ, टोमणे, अपमान. मग 'तुमची मिळकत काढून घेतली जात होती काय?' मावशी सासरी शिवणकाम करी आणि त्याचा पैसान् पैसा नवऱ्याच्या हातात जाई. ती एकदम थांबली. म्हणाली, "बाई, हेपण लिहितात होय?" मार हा गुन्हा आहे हे तिला ठाऊक होते, पण कष्टाचा पैसा हिरावून घेणे यालाही कायद्यात नाव आहे, हे तिला अकरा वर्षांनी कळत होते.

आमच्याकडे कोर्टाची भाषा कन्नड. मावशीचे निवेदन, तिने आज्जीला लिहिलेली पत्रे, सगळे मराठीत. वकीलबाईंना भाषांतर करून देण्याचे काम माझ्याकडे आले. बाकी सारे जमले. अडले ते एका वाक्यापाशी. 'मला पुनःपुन्हा नांदायला पाठवण्यात आले.' शेजारी बसलेल्या धारवाडकडच्या एका पक्षकार बाईने 'बाळ्वे' हा शब्द सुचवला. शब्द जवळचा होता, तो लिहिलाही. पण लिहिताना मनात आले, पाठवले कुणी? निवेदनात कर्ता नव्हता. त्या कर्त्यांत आज्जी होती, मामा होता, आणि बॅग उचलणारी मीही होते.

या कायद्याखाली अर्ज बाई तात्पुरती राहत असेल तिथल्या कोर्टातही करता येतो. म्हणून तो बेळगावात झाला. पण मावशीच्या नवऱ्याने घटस्फोटाचा दावा लावला तो तिकडे, कोल्हापूरला. बेळगाव आणि कोल्हापूर यांत अंतर किती? शंभर-सव्वाशे किलोमीटर. परंतु मधे राज्याची हद्द. इकडे कर्नाटकाचे उच्च न्यायालय, तिकडे मुंबईचे. असा दावा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हलवायचा, तर अर्ज दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात करावा लागतो. सीमेची भाषणे आपण पुष्कळ ऐकतो. मला सीमा दिसली ती पहाटे पाचला, भाकरी बांधून कोल्हापूरच्या तारखेला निघालेल्या मावशीच्या पाठमोऱ्या आकृतीत.

अर्जाची पहिली तारीख शक्यतो तीन दिवसांत लागावी आणि निकाल साठ दिवसांत व्हावा, असे कायदा म्हणतो. नवरा समन्स घेण्याचे टाळत राहिला आणि अंतरिम पोटगीचा हुकूम व्हायला आठ महिने लागले. पण सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली सांगून ठेवले आहे, की पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजावी. त्यामुळे ते आठ महिने निदान हिशेबात वाया गेले नाहीत.

मग मुलाच्या ताब्याचा प्रश्न आला. मूल जिथे राहते तिथल्या कोर्टात हा अर्ज चालतो, म्हणून या खेपेस नवऱ्याला बेळगावला यावे लागले. आईचा हक्क की बापाचा हक्क, यापेक्षा मुलाचे हित कशात, हे कोर्ट पाहते. मूल समजत्या वयाचे असेल तर त्याचे मनही विचारात घेते. न्यायाधीशांनी सोन्याला एकट्याला आपल्या खोलीत बोलावले. दहा-बारा मिनिटांनी तो बाहेर आला. कुणी काही विचारण्याआधी त्यानेच मला विचारले, "ताई, माझं उत्तर चुकलं नाही ना?" या प्रश्नाला मी काय उत्तर देणार? परीक्षा त्याची नव्हतीच. नापास झालो होतो ते आम्ही मोठे.

ताबा आईकडे राहिला. बापाला महिन्यातले दोन रविवार भेट ठरली. पहिल्या रविवारी तो नवा शर्ट घेऊन आला. शर्ट सोन्याला दोन बोटे आखूड झाला. बापाच्या डोळ्यांपुढे अजून वर्षापूर्वीचा मुलगा होता. मावशीने शर्ट उलटून पाहिला आणि म्हणाली, "शिवणीत कापड आहे. सोडते." त्या माणसाने मान खाली घातली. मला त्याचा राग आहे. पण ती खाली गेलेली मानही मी विसरू शकत नाही.

घटस्फोटाचा दावा अजून चालू आहे. मावशी आता आमच्या गल्लीच्या टोकाला एका खोलीत राहते. खिडकीशी मशीन, भिंतीवर सोन्याच्या शाळेचे वेळापत्रक आणि शेजारी तारखांचे कॅलेंडर. तारखेला तिच्याबरोबर आळीपाळीने आम्ही कुणीतरी जातो. कायदा पुस्तकात तयार असतो; पण त्याच्या पायरीपर्यंत बाईबरोबर चालायला कुणीतरी लागते, एवढे मला कळले आहे.

परवा एका लग्नात कुणीतरी आज्जीला विचारले, "धाकटी कुठे असते हल्ली?" मी मान फिरवली. आज्जीने अक्षता दुसऱ्या हातात घेतल्या आणि सरळ सांगितले, "इथंच असते. नांदते बरी."