दुर्बिणीतून शिंगांचा अंदाज

अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्याच्या वन्यजीव आयोगाने 2021 च्या जून महिन्यात घेतलेला एक निर्णय 1 जानेवारी 2022 पासून अमलात आला आणि प्राणी समोरून जाताच आपोआप छायाचित्र टिपणारे, झाडाला किंवा खुंटाला बांधून ठेवायचे कॅमेरे शिकारीसाठी वापरण्यास तेथे मनाई झाली. कोरड्या मुलखात पाणवठे मोजकेच असतात आणि एकेका पाणवठ्याभोवती अशा कॅमेऱ्यांची दाटी होऊ लागली होती, हे या मनाईमागचे एक प्रमुख कारण होते. गाइडच्या, म्हणजे मोबदला घेऊन शिकाऱ्याला डोंगरात नेणाऱ्या परवानाधारक वाटाड्याच्या कामावर मात्र तिचा परिणाम वेगळ्याच जागी झाला. हरीण शोधणे फारसे अवघड झाले नाही, कारण जाणता गाइड ते पूर्वीही दुर्बिणीनेच शोधत असे. अवघड झाले ते सापडलेला नर मारण्याजोगा आहे की नाही हे ठरवणे. कॅमेऱ्याने तोच नर आधीच्या कित्येक रात्री जवळून आणि समोरून, बाजूने, मागून असा दाखवलेला असे, त्यामुळे हंगामात उतारावर त्याला केवळ ओळखायचे उरे. आता पहिल्यांदाच दिसलेल्या नराबद्दल काही मिनिटांत मत द्यावे लागते.

हा नर म्हणजे कूझ हरणाचा नर. एलियट कूझ हा लष्करी डॉक्टर आणि निसर्गअभ्यासक 1864 साली अ‍ॅरिझोनातील फोर्ट व्हिपल येथे नेमणुकीवर आला होता, त्याचे नाव उत्तर अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या या लहानखुऱ्या उपजातीला मिळाले आहे. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन सुमारे 45 किलो भरते, म्हणजे आपल्याकडील चितळाच्या नरापेक्षा तो बराच लहान असतो. अ‍ॅरिझोनाचा आग्नेय भाग, न्यू मेक्सिकोचा नैर्ऋत्य कोपरा आणि मेक्सिकोतील सोनोरा, चिवावा या राज्यांतील डोंगर हे त्याचे घर आहे. सांता रीता, चिरिकावा, वाचूका यांसारख्या या रांगा सपाट, तापलेल्या वाळवंटातून एकेकट्या उठलेल्या असल्याने त्यांना ‘आकाशबेटे’ म्हणतात. त्यांच्या मधल्या उंचीवर ओक, जुनिपर आणि मँझानिटाची काटक झुडपे असतात आणि त्यांच्या सावलीत बसलेले राखाडी हरीण चालत जाणाऱ्याला सहसा दिसत नाही. मराठी वाचकाला जुन्या शिकारकथांतून परिचित असलेले हाका आणि मचाण येथे उपयोगाचे नाहीत. येथे समोरासमोरच्या दोन उतारांपैकी एकावर तिवईला जोडलेली दुर्बीण लावून बसायचे आणि दुसरा उतार तुकड्यातुकड्याने पिंजून काढायचा, हीच मुख्य पद्धत आहे.

शिंगांच्या मोजणीचा आधार बून अँड क्रॉकेट क्लबची पद्धत हा आहे. थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने 1887 साली स्थापन झालेल्या या संस्थेने 1950 साली आजची मोजणी स्वीकारली. तीत दोन्ही मुख्य दांड्यांची लांबी, प्रत्येक फाट्याची लांबी, प्रत्येक दांड्याचा चार ठिकाणचा घेर आणि दोन दांड्यांमधले आतले अंतर यांची इंचांत, अष्टमांश इंचापर्यंत बेरीज होते, आणि डाव्या-उजव्या बाजूंतला फरक तीतून वजा होतो. शिंगे वाळून आक्रसतात, म्हणून साठ दिवस वाळल्यावरच अधिकृत मोजणी होते. कूझ हरणाच्या सममित शिंगांना क्लबच्या कायम नोंदवहीत शिरण्यासाठी 110 इंच लागतात, आणि 1953 साली अ‍ॅरिझोनाच्या पीमा काउंटीत एड स्टॉकवेल याने मारलेल्या नराची 144 पूर्णांक 1 अष्टमांश इंचांची शिंगे सत्तर वर्षे उलटल्यावरही या वर्गात पहिल्या क्रमांकावर आहेत.

हे आकडे मांडणे सोपे आहे. अडचण सुरू होते ती त्यांची फोड केल्यावर. सोळा इंचांचे दोन दांडे, तेरा इंचांचे आतले अंतर, प्रत्येक बाजूला तीन, सात आणि पाच इंचांचे फाटे आणि प्रत्येकी साडेतीन इंचांचे आठ घेर धरले तर बेरीज 103 होते, म्हणजे बहुतेक गाइडना अभिमान वाटेल असा नर होतो. यातला प्रत्येक घेर अर्ध्या इंचाने कमी निघाला तर चार इंच जातात आणि तोच नर शंभराच्या खाली येतो. आता घेरातला अर्धा इंच म्हणजे जाडीतले जेमतेम चार मिलिमीटर, आणि आठशे मीटरवरून चार मिलिमीटर डोळ्याशी जो कोन करतात तो सुमारे एक विकलेचा, म्हणजे अंशाच्या छत्तीसशेव्या भागाचा असतो. निरोगी डोळ्याची मर्यादा साधारण साठ विकलांची आहे. म्हणजे साठ पट मोठे दाखवणाऱ्या एकनळी दुर्बिणीतूनही हा फरक, हवा पूर्ण स्थिर असेल तर, दिसण्याच्या काठावर येतो. आणि वाळवंटातली हवा सूर्य वर आल्यावर तासाभरात थरथरू लागते. तात्पर्य हे की ज्या आठ मापांवर बेरजेचा चौथा हिस्सा अवलंबून आहे ती मापे गाइड पाहत नाही, तो ती गृहीत धरतो, आणि तरीही आपण पाहिले असे त्याला मनापासून वाटते.

लांबीच्या मापांची गत यापेक्षा बरी आहे, कारण त्यांच्यासाठी हरणाचा कान हीच मोजपट्टी असते. सावध झालेला नर समोर पाहतो तेव्हा ताणलेल्या कानांच्या टोकांशी दांड्यांची रुंदी ताडून पाहता येते, आणि एखादा फाटा कानाहून लांब दिसला तर त्याची दखल घ्यावीच लागते. मात्र नर समोर पाहतो तेव्हा दांड्यांची पुढे आलेली लांबी आखडलेली दिसते, बाजूने पाहतो तेव्हा रुंदी नाहीशी होते, आणि पाठमोरा चालतो तेव्हा सगळीच शिंगे असतात त्याहून मोठी भासतात. म्हणून तिन्ही बाजू दिसेपर्यंत थांबण्याचा नियम प्रत्येक गाइड जाणतो. तो पाळला जात नाही त्याचे कारण हरीण नसून शेजारी बसलेला ग्राहक असतो.

याहून खोल अडचण शरीराच्या आकाराची आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते या धंद्याचा खरा पेच तीच आहे. डोळा शिंगांची लांबी सुटी पाहत नाही, तो ती डोक्याशी, मानेशी आणि छातीशी तोलून पाहतो. अडीच-तीन वर्षांच्या नराची मान बारीक आणि पोट वर ओढलेले असल्याने त्याची मध्यम शिंगे भव्य दिसतात. सहा-सात वर्षांच्या नराची मान जानेवारीच्या माजाच्या काळात फुगते, छाती खाली उतरते, चेहरा आखूड आणि रुंद दिसू लागतो, आणि त्याच मापाची किंवा त्याहून मोठी शिंगे सामान्य वाटतात. यामुळे चुका दोन्ही दिशांना सारख्या विखुरत नाहीत; त्या एकाच बाजूला झुकतात आणि जो नर अजून दोन-तीन वर्षे डोंगरात राहायला हवा होता त्याच्यावर बंदूक रोखली जाते, तर जो आपले आयुष्य जगून झाला आहे तो दुर्लक्षित होऊन पुढच्या घळीत उतरतो. हौशी शिकाऱ्याकडून हे होणे समजण्यासारखे आहे. गाइडला पैसे दिले जातात ते हेच टाळण्यासाठी.

येथे गाइडच्या नजरेत वयाने होणाऱ्या बदलाचाही विचार करावा लागतो. पंधरा पट दाखवणारी आणि 56 मिलिमीटर व्यासाचे भिंग असलेली दुर्बीण या कामात प्रमाण मानली जाते. तिच्यातून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत 3.7 मिलिमीटर रुंद असतो, आणि वय वाढल्यावर बाहुली पूर्वीइतकी उघडत नसली तरी एवढा झोत सहसा सामावून घेते. साथ सोडते ती छटांमधला बारीक फरक ओळखण्याची शक्ती: सावलीतल्या राखाडीवर कानाची राखाडी हलली हे पंचविशीतला मदतनीस आधी टिपतो, आणि उतरत्या वयातल्या गाइडला तो दाखवील त्या झुडपाकडे वळावे लागते. पण त्याच मदतनिसाला सापडलेल्या नराबद्दल विचारले तर तो बहुधा दहा इंच जास्त सांगतो. शोधणे आणि पारखणे ही दोन कामे इतकी वर्षे एकाच माणसाने केल्यामुळे ती एकच वाटत होती. प्रत्यक्षात पहिले डोळ्याने होते आणि दुसरे चुकत आलेल्या आकड्यांच्या आठवणीने, आणि ही आठवण शब्दांनी मदतनिसाच्या हवाली करता येत नाही.

जॅक ओ'कॉनर हा टूसॉनच्या विद्यापीठात शिकवणारा आणि पुढे शिकारलेखनासाठी देशभर प्रसिद्ध झालेला लेखक 1930 च्या दशकात याच डोंगरांत या हरणामागे फिरला. तेव्हाची रीत धारेवरून चालत हरीण उठवण्याची आणि ते पळत असतानाच गोळी घालण्याची होती, त्यामुळे शिंगे इंचांत सांगण्याची अपेक्षाच कोणी ठेवत नसे. निसर्गलेखक अल्डो लिओपोल्ड 1936 मध्ये आणि पुन्हा 1937-38 च्या हिवाळ्यात चिवावातील गाविलान नदीच्या खोऱ्यात धनुष्य घेऊन गेला, आणि हरीण व प्यूमा एकत्र नांदत असलेले ते निरोगी रान त्याच्या विचारांत कायमचे राहिले. या दोघांच्या काळाची हळहळ करून उपयोग नाही, कारण पळत्या हरणावरच्या गोळ्यांनी जखमी होऊन निसटणारी जनावरे त्या काळातही असणारच. आज मात्र उलट टोकाला एक प्रघात पडला आहे. अंतरमापक आणि चकतीने नेम बदलता येणाऱ्या दुर्बिणीच्या जोरावर जेथून हरीण दिसले तेथूनच, सातशे-आठशे मीटरवरून, गोळी घालण्याला काही गाइड कौशल्य म्हणून मिरवतात. घळ उतरून, पलीकडे चढून, तीनशे मीटरवर पोचण्याच्या त्या दीड-दोन तासांतच पहिला अंदाज दुरुस्त होत असे. नर उठे, वळे, चरे, आणि अनेकदा गाइड ग्राहकाच्या खांद्यावर हात ठेवून बंदूक खाली घ्यायला लावी. लांबचा नेम ही दुरुस्तीच काढून टाकतो, आणि त्याच्यावरचा मुख्य आक्षेप गोळी चुकण्याचा नसून हा आहे.

सोनोरात परिस्थिती थोडी निराळी आहे. मेक्सिकोने 1997 पासून आणि पुढे 2000 च्या वन्यजीव कायद्याने जमीनमालकांना आपल्या रानाची वन्यजीव व्यवस्थापन घटक म्हणून नोंदणी करण्याची सोय दिली. अशा नोंदलेल्या कुरणाला हरणांच्या संख्येच्या अंदाजावरून ठरावीक ‘सिंतियो’, म्हणजे मारलेल्या प्राण्याला बांधायच्या परवान्याच्या पट्ट्या, मिळतात. पट्ट्या मोजक्या असल्याने तरुण नर मारणे हे मालकाचे पुढच्या वर्षांचे नुकसान असते, आणि गुरे राखणारे तिथले वाकेरो हे बाहेरून आलेल्या बऱ्याच गाइडपेक्षा चांगले समजतात. टेक्सासच्या कुंपणबंद खासगी रानांत शिंगांच्या इंचांवरून दर ठरवण्याची पद्धत रूढ आहे, ती सोनोरात पसरू नये अशी प्रस्तुत लेखकाची तीव्र इच्छा आहे. कारण दर इंचावर ठरला की गाइडच्या तोंडचा आकडा हा अंदाज राहत नाही, तो भाव होतो.

पण इंचांचा मोह केवळ पैशांतून येत नाही. नर पडल्यावर, ग्राहक अजून धापा टाकत असताना, गाइड खिशातून मोजपट्टी काढतो आणि आपण सांगितलेला आकडा व मोजलेला आकडा यांतले अंतर मनात लावतो; ते दोन इंचांच्या आत असेल तर त्या संध्याकाळी तो ते निदान दोघांना सांगतो, आणि प्रस्तुत लेखक याला अपवाद नाही. दुष्काळाच्या वर्षी हिवाळ्यातला पाऊस हुकला तर त्याच नराची शिंगे आदल्या वर्षीपेक्षा तोकडी उगवतात, तेव्हा इंच हे नराचे मोल नसून त्या वर्षीच्या चाऱ्याची नोंद असते, हे प्रत्येक गाइडला ठाऊक आहे. वयाचा पुरावा खालच्या जबड्यात असतो: दाढांची झीज तेथेच पाहता येते, आणि अधिक खात्री हवी असेल तर दाताच्या मुळाशी वर्षागणिक साचणारे थर प्रयोगशाळेत मोजता येतात. अलीकडे काही गाइड आकड्याऐवजी आधी वय सांगू लागले आहेत आणि ग्राहकाने इंच विचारले तरच उत्तर देतात. प्रस्तुत लेखकही तसेच करतो. मात्र पडलेल्या नराचा जबडा उघडण्याआधी हात मोजपट्टीकडे जातो, आणि सात वर्षांचा नर सहा इंचांनी कमी निघाल्याची रुखरुख त्याचे वय बरोबर ठरल्याच्या समाधानापेक्षा अजूनही जास्त दिवस टिकते.