आरमाराची प्रार्थना

रॉबर्ट हाइनलाइनची १९४८ सालची ‘ऑर्डील इन स्पेस’ ही कथा आज पुन्हा वाचली, आणि अंतराळातील अपघातानंतर ज्याच्या मनात उंचीची धास्ती बसली त्या नायकाच्या व्यथेपेक्षाही, कथेत येणाऱ्या अंतराळप्रवाशांच्या प्रार्थनेनेच माझे चित्त अधिक व्यापून टाकले. कल्पित आरमाराला जहाजे, हुद्दे आणि तोफा बहाल करणे लेखकाला फारसे अवघड नसते. त्याला पूर्वपरंपरा देणे मात्र महत्कठीण. हाइनलाइन स्वतः अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीतून १९२९ साली उत्तीर्ण झालेला आणि क्षयामुळे १९३४ साली सक्तीने निवृत्त झालेला अधिकारी. सबब नवे स्तोत्र रचण्याच्या भरीस न पडता, आपल्याच नौदलात रूढ असलेल्या स्तोत्राला त्याने नवे कडवे जोडले. ते मूळ स्तोत्र विंचेस्टर येथे गायक मुलांना शिकविणाऱ्या विल्यम व्हायटिंगने १८६० साली लिहिले, आणि जॉन बॅकस डाइक्सने पुढच्याच वर्षी त्याला चाल दिली. काय विलक्षण चाल आहे ती! अर्ध्याअर्ध्या स्वरांनी ती अशी चढत जाते, की लाटेखाली सापडलेला जीवच वर येण्यासाठी धडपडतो आहे असे वाटावे. १९६३ साली केनेडींच्या अंत्ययात्रेत नौदलाच्या वाद्यवृंदाने तीच वाजविली. नव्या कडव्यात समुद्राची जागा अंतराळाने घेतली, पण छंद तोच राहिला. म्हणूनच ते कडवे मला रचलेले न वाटता वारशाने आलेले वाटते.