भुंडे कान

‘सोनारानेच कान टोचावेत’ ही म्हण आपण इतकी सर्रास वापरतो की तिच्यात एक खरा सोनार आहे आणि एक खरा कान आहे, हे आपल्या लक्षातही येत नाही. माझ्यापुढचा प्रश्न मात्र शब्दशः तोच होता. ५४ वर्षांच्या माझ्या आईचे कान टोचायचे होते. ते कराडच्या आमच्या नेहमीच्या सोनाराने टोचावेत की पुण्यातल्या एका पिअर्सिंग स्टुडिओतल्या, मनगटापासून खांद्यापर्यंत टॅटू असलेल्या मुलाने, यावर आमच्याकडे तीन आठवडे वाद चालला. वाद म्हणजे फोनवर मी, आई आणि मध्येच फोन हिसकावून घेणारी मावशी.

आईचे कान बारशालाच टोचलेले होते. सोन्याची बारीक तार, वरून खोबरेल तेलाचं बोट, बाळ चार मिनिटं रडतं आणि विसरतं. लग्नात तिला झुबे मिळाले. चांगले जड, आणि रोजच्या वापरात. आजीच्या पिढीतल्या बायका असे झुबे वेल लावून घालायच्या. वेल म्हणजे कानातल्यापासून वर केसांत अडकवायची ती साखळी. आपल्याला ती नुसती नटण्याची वस्तू वाटते, पण निम्मं वजन ती केसांवर घेते. आईला वेल जुनाट वाटायचा. तिची भोकं हळूहळू लांबत गेली. मग मी पुण्याला इंजिनिअरिंगला आले त्या वर्षी झुबे विकले गेले. कशासाठी ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, पण फीची पावती कुठल्या तारखेची आहे ते मला पाठ आहे.

त्यानंतर एक ग्रॅम सोन्याच्या बाळ्या, बाजारातले टॉप्स असं सुरू झालं. ‘एक ग्रॅम सोनं’ या नावात एक ग्रॅम सोनं असेलच असं नाही. आत पितळ किंवा तांबं आणि वर सोन्याचा पातळ थर. तो थर झिजला की खालचं जे काही आहे ते कातडीला लागतं. आईच्या पाळ्या खाजायला लागल्या, लाल व्हायच्या, पाणी सुटायचं. ती दोन दिवस काढून ठेवायची, बरं वाटलं की लग्नापुरतं पुन्हा घालायची. असं करता करता एकदा अंघोळीनंतर टॉवेलात बाळी अडकली आणि उजव्या कानाची पाळी खालपर्यंत फाटली. भोकाचा नुसता चिरा राहिला. डावंही आवळत जाऊन बुजलं.

याला १० वर्षं झाली. १० वर्षं आई प्रत्येक फोटोत पदर उजव्या खांद्यावरून वर ओढून उभी आहे. हळदीकुंकवाला जाणं तिने कमी केलं, कारण कुणीतरी एक ‘अगं, भुंडे कान का गं?’ म्हणायचीच. स्वतः आई हसत हसत म्हणायची, ‘मी लंकेची पार्वती.’ मला ते हसणं आवडायचं नाही.

फाटलेली पाळी शिवता येते, हे गेल्या वर्षी मी तिला सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसला नाही. तिला वाटलं हे काहीतरी सिनेमातल्या लोकांचं असणार. खरं तर सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात १६वा अध्यायच या विषयाला दिला आहे. सहाव्या किंवा सातव्या महिन्यात बाळाला मांडीवर घेऊन कान कसा टोचावा, मुलाचा उजवा आधी आणि मुलीचा डावा आधी, पाळीत ऊन आरपार दिसेल तिथेच सुई घालावी, मग कापसाची वात घालून कच्चं तेल सोडावं, दर तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा जाड वात घालावी, हे सगळं त्यात आहे. आणि त्याच अध्यायात फाटलेल्या कानाची पाळी जोडण्याच्या १५ पद्धती आहेत. म्हणजे तेव्हाही जड कुंडलं होती, तेव्हाही पाळ्या फाटत होत्या आणि तेव्हाही बायकांना (आणि पुरुषांनाही) ते झाकत बसायचं नव्हतं. हे सांगितल्यावर आईला जरा धीर आला. जुन्या ग्रंथात असलं की मातोश्रींना लगेच पटतं. मी तो फायदा घेतला.

शिवायचं काम प्लास्टिक सर्जनने अर्ध्या तासात केलं. पाळी बधिर केली, चिऱ्याच्या दोन्ही कडा खरवडून ताज्या केल्या, कारण बऱ्या झालेल्या कडा नुसत्या एकमेकींना टेकवून चिकटत नाहीत, आणि टाके घातले. सातव्या दिवशी टाके निघाले. डॉक्टरांनी बजावलं: पुढचे तीन महिने काही घालायचं नाही, आणि नवीन भोक शिवलेल्या रेषेवर पाडायचं नाही, तिच्या बाजूला पाडायचं. व्रणाची कातडी मूळ कातडीइतकी मजबूत कधीच होत नाही.

ते तीन महिने आम्ही काय घालायचं यावर भांडण्यात घालवले.

आईच्या मनात एकच होतं. आजीच्या मोत्याच्या कुड्या. आजी गेली तेव्हा तिने त्या लेकींना न देता सुनेला दिल्या, त्यावरून पूर्वी बरंच रामायण झालेलं आहे. घरातलं सगळं मोडलं, पण त्या मोडल्या नाहीत, आणि आईने त्या एकदाही घातल्या नाहीत. मिळाल्या तेव्हा कान आधीच गेलेला होता. तिचं म्हणणं, ‘टोचतानाच कुडी घाल. सोनं आहे, सोन्याने पिकत नाही.’

सोन्याने पिकत नाही हे अर्धं खरं आहे. २२ कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के सोनं, उरलेलं बहुतेक तांबं आणि चांदी. याची ॲलर्जी क्वचित येते. पण जुना दागिना किती कॅरेटचा, त्याचा डाग कशाने दिलाय, फिरकी मूळचीच आहे की मध्ये बदललेली, हे कुणाला ठाऊक? हॉलमार्क बघा म्हणाल, तर दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला तो सक्तीचाच नाही. कान टोचायला आपण जी बारीक सोन्याची रिंग किंवा टॉप घेतो, तो बहुधा याच वजनात बसतो. म्हणजे जखमेत जाणाऱ्या दागिन्यालाच सहा अक्षर-अंकांचा तो एचयूआयडी नसण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

मला संशय निकेलचा होता. स्वस्त कानातल्यांत, हुकांत, बटणांत तो सगळीकडे असतो. त्याची ॲलर्जी एकदा जडली की जन्मभर राहते, आणि ती लगेच उठत नाही, एकदोन दिवसांनी उठते. त्यामुळे बाई विचार करत बसते की काल तर काहीच झालं नव्हतं. आईला ब्लाउजच्या हुकाखाली आणि घड्याळाच्या पट्ट्याखालीही चट्टे यायचे, ते ती ‘उष्णता’ म्हणून सोडून द्यायची. त्वचारोगतज्ज्ञाने पाठीवर पट्ट्या चिकटवून ४८ तासांनी बघितलं. निकेलचा चौकोन लालभडक.

मग मी एक उद्योग केला. बारावी सायन्सवाल्यांना आठवत असेल, केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला निकेल ओळखायला डायमिथाइलग्लायॉक्झिम घालायचो आणि सुंदर गुलाबी साका पडायचा. लॅबमध्ये काम करणाऱ्या मैत्रिणीकडून मी त्याच्या आणि अमोनियाच्या छोट्या बाटल्या आणल्या. कापसाच्या काडीवर थेंब घ्यायचे आणि धातूवर अर्धा मिनिट घासायचं. काडी गुलाबी झाली तर धातूतून निकेल सुटतंय. दिवाणावर वर्तमानपत्र पसरून आईचा अख्खा डबा रिकामा केला. टॉप्स गुलाबी. बाळ्या गुलाबी. पदराची पिन गुलाबी. आई आधी मजा घेत होती, मग गप्प झाली. ‘म्हणजे दहा वर्षं मी हेच घासत होते होय कानाला,’ एवढंच म्हणाली. शेवटी कुड्या. मोत्यांचा घोस, दांडी, डाव्या कुडीची फिरकी: काडी पांढरीच. उजव्या कुडीची फिरकी: गुलाबी. कधीतरी मूळ फिरकी हरवली असेल आणि कुणीतरी दुसरी बसवून दिली असेल. आजीचा एक कान म्हातारपणी सारखा खाजायचा, हे आईला तेव्हा आठवलं.

फिरकी बदलता येते. पण ताज्या भोकात कुडी नको याची कारणं आणखीही होती. एकतर दांडी जाड. दुसरं म्हणजे आपल्याकडच्या पेचाच्या कानातल्यांना दांडीवरच आटे असतात. बऱ्या झालेल्या भोकाला त्याचं काही वाटत नाही, पण ओल्या जखमेतून ते आटे ओढणं म्हणजे आतून किसणी फिरवणं. तिसरं, टोचल्यावर पाळी सुजते, म्हणून सुरुवातीला दांडी थोडी लांब लागते. घट्ट फिरकी सुजलेल्या पाळीत रुतून बसते.

मी सुचवलं टायटॅनियम. हाडात घालायच्या इम्प्लांटला जे वापरतात ते, एएसटीएम एफ १३६ या प्रमाणाचं. ‘सर्जिकल स्टील’ या भारदस्त नावाला भुलू नका, ३१६एल स्टीलमध्ये १० ते १४ टक्के निकेल असतं. ते सहजी बाहेर सुटत नाही म्हणून पुष्कळांना चालतं, पण आईसारखीला मी तो जुगार खेळू देणार नव्हते. युरोपात टोचलेल्या भोकात जाणाऱ्या दागिन्यातून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये असा कायदा आहे. यावरून या धातूचा लोकांनी किती धसका घेतलाय ते कळतं.

‘हे काय, ॲल्युमिनियमच्या डब्यासारखं दिसतंय,’ आई म्हणाली.

सोनाराकडे आम्ही गेलोही. माणूस भला. ‘वहिनी, मी हजार कान टोचले असतील,’ म्हणाला, आणि ते खरंच असणार. तान्ह्या बाळाच्या पाळीला त्याचा हात सोन्यासारखा. पण आईची पाळी शिवलेली, शिवाय निकेलची ॲलर्जी. चिठ्ठी वाचून त्यानेच हात जोडले. मला त्याचा आदर वाटला. कुठलाही कान दिसला की बंदूक रोखणाऱ्या दुकानांपेक्षा हे बरं. त्या बंदुकीबद्दल माझं मत कडवट आहे. तिच्यात सुई नसतेच, बोथट टॉपच स्प्रिंगच्या जोराने पाळीतून घुसवतात, आणि प्लास्टिकचा सांगाडा ऑटोक्लेव्हमध्ये जात नाही. हॉस्टेलमधल्या एका मैत्रिणीने एका मॉलमध्ये वरच्या कुर्च्यात असंच टोचून घेतलं होतं. कुर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, वरच्या पातळ आवरणातून काय मिळेल ते. तिथे जंतू शिरले की आत पू साठतो आणि कुर्चा मरते. कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांनी पू काढला, कान वाचला, पण वरची कमान आजही चुरगळलेली आहे. म्हणून कानाचा वरचा भाग लाल, गरम आणि ठणकणारा झाला तर हळद लावत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

स्टुडिओतल्या मुलाने आईला ‘काकू’ म्हटलं तिथेच अर्धं काम झालं. त्याने सुईचं पाकीट तिच्यासमोर फोडलं, पाळीवर पेनाने ठिपका दिला आणि आरसा तिच्या हातात देऊन विचारलं, ‘काकू, इथे चालेल?’ आई आरशात इतका वेळ बघत राहिली की त्याने माझ्याकडे पाहिलं. मग ती म्हणाली, ‘थोडं वर.’ पोकळ सुई, एक श्वास, चपट्या पाठीचा टायटॅनियमचा टॉप. दोन्ही कानांचे मिळून ३,२०० रुपये. आईने ते बसभाड्यात मोजून दाखवले.

नंतरची काळजी म्हणजे बहुतेक काहीही न करणं, आणि आईला ते सगळ्यात अवघड गेलं. दिवसातून दोनदा निर्जंतुक सलाईन, ०.९ टक्के मिठाचं. मेडिकलमध्ये छोट्या ॲम्प्युल मिळतात, एका वेळी एक फोडायची. नाकात घालायचं सलाईन नको, त्यात बऱ्याचदा टिकवण्यासाठी औषध घातलेलं असतं. घरी मीठ कालवलं तर ते हमखास जास्त पडतं. लिटरला ९ ग्रॅम म्हणजे कपभर पाण्याला अर्धा चमचाही नाही. स्पिरिट नको, हायड्रोजन पेरॉक्साइड नको, टॉप फिरवायचा नाही. या शेवटच्यावर मावशी चिडली: ‘फिरवला नाही तर चिकटेल!’ चिकटत नाही. फिरवला की आत नुकती धरलेली कातडी पुन्हा फाटते. पाचव्या दिवशी आईचा फोन, ‘पू आलाय.’ व्हिडिओ कॉलवर बघितलं तर पांढरट पिवळी खपली होती. जखमेतून पाझरतं ते सुकून तशी होते. सलाईनने भिजवायची, नखाने काढायची नाही.

खरा शत्रू फोन निघाला. आई रोज दुपारी मावशीशी तासभर बोलते, फोन कानाला चिकटवून. मी इअरफोन पाठवले, तेही पाळीला घासायचे. आता ती स्पीकरवर बोलते, त्यामुळे मावशीची सगळी गुपितं बाबांना कळतात. केसांना लावायची मेंदी तिने दोन महिने थांबवली. प्रवासात मानेभोवती घालायची गोल उशी आहे ना, ती झोपताना घेते आणि कान मधल्या पोकळीत ठेवते.

हे जूनमधलं. पाळीचं भोक साधारण सहा ते आठ आठवड्यांत बाहेरून बरं दिसतं, आत मात्र अजून कच्चं असतं. आईच्या डाव्या कानाचं आता काही दुखत नाही, उजव्याला अधूनमधून खपली धरते. कुड्या सोनाराकडे आहेत. उजवीची फिरकी तो बदलतोय आणि दोन्हींना बारीक, आट्याशिवायची दांडी बसवतोय. जुन्या दांड्यांचं सोनं काढून हातात दे, असं आईने त्याला तीनदा सांगितलंय. कुड्या दसऱ्याला घालणार असं तिचं म्हणणं आहे. मी दिवाळी म्हणतेय.