तापलेल्या इंजिनासमोर

मे महिन्यात खंबाटकी घाटाच्या पायथ्याच्या गॅरेजला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. साताऱ्याकडून पुण्याला येणारी वाहनं बोगद्यातून निघून जातात, पण जुना घाट चढणाऱ्या गाड्यांची खरी परीक्षा असते. भर उन्हात पुढे मालाचा ट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत असतो आणि मागे टपावर सामान बांधलेली, एसी लावलेली, माणसांनी भरलेली गाडी असते. इंजिनाला सगळा जोर लावावा लागतो आणि समोरून वारा मिळत नाही. रेडिएटरमधला एरवी लपून राहिलेला दोष इथे हमखास उघडा पडतो. फोन आला की हत्यारांची पिशवी मोटारसायकलला अडकवून मी वर जातो.

फोनवरच मी पहिली गोष्ट सांगतो: झाकणाला हात लावू नका. वाफ येत असेल तर बॉनेटसुद्धा उघडू नका, मुलांना गाडीपासून लांब, कठड्याच्या आत उभं करा. हे मी कळकळीनं सांगतो, कारण भाजलेले हात आणि चेहरे मी पाहिलेत. रेडिएटरचं झाकण नुसतं पाणी सांडू नये म्हणून नसतं. ते साधारण एक बारचा दाब धरून ठेवतं. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी हे मिश्रण उघड्यावर 107-108 अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाच्या दाबाखाली ते 125 अंशांपर्यंतही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि आतलं पाणी त्याच क्षणी वाफ होऊन तोंडावर उसळतं. मागे सरकायला वेळच मिळत नाही.

म्हणून अर्धा तास थांबायचं, उन्हात त्याहूनही जास्त. मग जाड फडक्यानं वरचा होज पाइप दाबून बघायचा. तो कडक लागला तर आत अजून दाब आहे. मऊ झाला की फडकं झाकणावर टाकून पहिल्या खाचेपर्यंत पाव फेरा द्यायचा, आवाज पूर्ण थांबू द्यायचा आणि मगच झाकण दाबून काढायचं. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. बऱ्याच गाड्यांचा विजेवरचा पंखा चावी बंद असतानाही अचानक फिरू लागतो. बोटं, ओढणी, लोंबणारी बाही त्याच्या आसपास नको. आणि गार पाण्याची बाटली तापलेल्या इंजिनात ओतायची नाही. हेड ॲल्युमिनियमचं असतं. एकदम थंडावा बसला की वाकतं, कधी तडकतंही.

थांबण्याच्या त्या वेळात माझं अर्धं काम होतं, कारण मी चालकाशी बोलतो. "दादा, गाडी नेमकी कधी तापते? सिग्नलला उभी असताना, का रस्त्यावर पळताना?" या प्रश्नाचं खरं उत्तर मिळालं की निम्मे भाग संशयातून सुटतात. उभी असताना तापते आणि पळायला लागली की काटा खाली येतो, तर दोष बहुधा पंख्याकडे असतो. गाडी सुरू करून एसी लावला की थोड्या वेळात पंखा फिरायला हवा. नाही फिरला तर फ्यूज, रिले, मग मोटर. पळताना किंवा चढावर तापत असेल, तर पाणी नीट फिरत नाही किंवा रेडिएटर उष्णता टाकत नाही. तिथे जाळी, थर्मोस्टॅट आणि वॉटर पंप बघायचा.

जाळीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. समोरून बघितली तर स्वच्छ दिसते, पण समोर दिसतो तो एसीचा कंडेन्सर; रेडिएटर त्याच्या मागे असतो. दोघांमधल्या बोटभर जागेत धूळ, किडे आणि आमच्या भागात उसाचं पाचट जाऊन बसतं. बोल्ट काढून दोन्ही वेगळे केले की मधून मातीची गोधडी निघावी तसा अख्खा थर उचलून येतो. तिच्यातून वारा जाणार कसा? हे धुताना इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला, साध्या नळाच्या धारेनं धुवायचं. वॉशिंगच्या पंपाचा फवारा जवळून मारला की नाजूक पत्र्या आडव्या होतात आणि रस्ता कायमचा बंद होतो.

आतल्या नळ्यांची गोष्ट वेगळी. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं घातलेल्या गाडीच्या रेडिएटरमध्ये क्षाराचा पांढरट थर धरतो. आता तापमान मोजायची बंदूक मिळते, ती जाळीवरून हळूहळू फिरवली की मध्येच आकडा झपकन खाली येतो. तेवढ्या भागातून पाणी जातच नाही. रेडिएटरमध्ये कूलंट आणि डिस्टिल्ड पाणीच घाला, हा माझा आग्रह त्यासाठी.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य असं: "मिस्त्री, काही नाही हो, रोज सकाळी लिटरभर पाणी घालतो, मग चालते." बंद यंत्रणेत रोज लिटरभर पाणी लागत असेल, तर ते कुठून तरी जातंय. गाडी थंड असताना झाकणाच्या जागी हातपंपाचा टेस्टर बसवायचा, झाकणावर छापलेल्या आकड्याएवढा दाब द्यायचा आणि काट्याकडे बघत बसायचं. काटा उतरला की बॅटरी घेऊन गाडीखाली जायचं. होजचं तोंड, पंपाखालचं बारीक छिद्र, हीटरच्या बाजूची ओली मॅट, गोडसर वास, काही ना काही सापडतं. काटा उतरतोय आणि बाहेर थेंबही नाही, तेव्हा मात्र पोटात गोळा येतो. मग संशय हेड गॅस्केटवर.

पण हेड खोलायची घाई मी करत नाही. ऑइलच्या झाकणाखाली फिकट तपकिरी चिकट थर दिसला म्हणून लगेच गॅस्केट गेलं असं नसतं. थंडीत जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानंही तो धरतो. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा होज कडक होतो का, रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे थांबता थांबत नाहीत का, हे बघायचं. शेवटी निळं द्रावण भरलेली नळी तोंडावर धरून आतली हवा त्यातून ओढायची. सिलिंडरमधला धूर पाण्यात मिसळत असेल तर निळं पिवळं होतं. एवढं झाल्यावरच गिऱ्हाइकाला खर्चाचा आकडा सांगायचा.

आता ज्या गोष्टीवरून माझे आणि इतर मिस्त्रींचे खटके उडतात तिच्याबद्दल. गाडी तापते म्हटलं की थर्मोस्टॅट, म्हणजे आम्ही ज्याला वॉल म्हणतो तो, काढून फेकायचा ही रीतच पडून गेली आहे. ती चुकीची आहे. वॉल साधारण 82 किंवा 88 अंशांना उघडू लागतो, आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो. तो अडकलाय का हे पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर लावून कळतं. अडकला असेल तर नवा बसवा. वॉल नसलेलं इंजिन वेळेवर तापतच नाही, कॉम्प्युटर ते थंडच आहे असं समजून जास्त पेट्रोल देत राहतो आणि झीज वाढते. आणि मूळ दोष, तुंबलेली जाळी किंवा अर्धमेला पंप, तसाच राहतो. तो पुढच्या घाटात उभा राहतो, तेव्हा मालकाला वाटतं की आपली गाडीच खराब.

डॅशबोर्डच्या काट्यावरही फार विसंबू नका. बऱ्याच नव्या गाड्यांत कॉम्प्युटर तो मधोमध धरून ठेवतो आणि तो हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. पाणी पूर्ण गेलं तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा चक्क खाली येतो. स्कॅनर लावला की खरा आकडा दिसतो.

काटा वर चढताना दिसला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण सोडा, म्हणजे थोडी उष्णता आत निघून येईल, आणि सुरक्षित जागा बघून बाजूला घ्या. लाल दिवा लागला, वाफ दिसली किंवा पाणी गेल्याचं कळलं तर इंजिन लगेच बंद करा. "घाट संपेपर्यंत जाऊ" म्हणून रेटलेल्या गाडीचं हेड लेथवाल्याकडे जातं, तिथे पट्टी ठेवून फट मोजतात, आणि मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतका बाकसुद्धा गॅस्केटला बसू देत नाही. दुरुस्ती झाल्यावर आपल्या मिस्त्रीला एवढं जरूर विचारा: पाणी गेलं कुठे होतं? वॉल जागेवर आहे ना? समाधानकारक उत्तर मिळाल्याशिवाय घाटाला गाडी लावू नका.